पंप घेऊन धावलं तर

१. मैदानावरचे चार प्रश्न

मुलाला दमा आहे. शाळेच्या संघात त्याची निवड झाली आहे आणि डॉक्टरांनी खेळायला जाण्याआधी पंप घ्यायला सांगितलं आहे. आई विचारते, ‘रोज घेतला तर सवय लागणार नाही ना?’ वडील विचारतात, ‘यात स्टेरॉइड असतं का?’ मैदानाच्या कडेला उभे असलेले दुसऱ्या मुलाचे वडील दबक्या आवाजात म्हणतात, ‘औषध घेऊन पळतो, म्हणजे त्याला जास्तीचा फायदा झालाच की.’ आणि व्यायामशाळेत जाणारा त्याचा मोठा भाऊ मोबाइलवर वाचून येतो की दम्याच्या औषधाने स्नायू वाढतात.

या चारही प्रश्नांत थोडं थोडं तथ्य आहे, म्हणून एकालाही झटकून टाकता येत नाही. उत्तरं मात्र वेगवेगळी आहेत. पंपात औषध कोणतं, ते किती मात्रेत आणि कोणत्या वाटेने शरीरात गेलं, यावर सगळं ठरतं.

२. धावताना छाती का आवळते

आपण शांत बसलेले असतो तेव्हा मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करतो. ही हवा नाकातून जाताना गरम होते, ओलसर होते आणि मगच खाली उतरते. जोरात धावू लागलं की हेच प्रमाण मिनिटाला शंभर लिटरच्याही पुढे जाऊ शकतं. एवढ्या हवेला नाक पुरं पडत नाही. तोंड उघडतं, आणि कोरडी हवा थेट श्वासनलिकांपर्यंत पोचते.

ती हवा ओलसर करण्यासाठी श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरातलं पाणी खर्च होतं. अस्तरावरचा द्रव आटतो, त्यातलं क्षारांचं प्रमाण वाढतं. दम्याच्या माणसात हे अस्तर आधीच सुजलेलं आणि चिडलेलं असतं. तिथल्या काही पेशी हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन नावाची रसायनं सोडतात. श्वासनलिकांभोवती स्नायूंची कडी असतात. ती या रसायनांमुळे आवळतात, नळी अरुंद होते, छातीत घरघर सुरू होते. गंमत अशी की हा त्रास बहुतेक वेळा धावताना कमी आणि धावणं थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत जास्त जाणवतो. म्हणून शर्यत संपल्यावर खोकत बसलेल्या मुलाला ‘दम नाही’ असं म्हणून सोडून दिलं जातं.

डॉक्टर हे मोजून पाहतात. जोराने श्वास सोडल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे व्यायामाआधी आणि व्यायामानंतर तपासतात. ती दहा टक्के किंवा त्याहून जास्त घटली, तर व्यायामामुळे श्वासनलिका आवळतात असं धरलं जातं.

बर्फात स्कीइंग करणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, कारण तिथली हवा थंड आणि कोरडी असते. बंदिस्त तलावात तासन्‌तास पोहणाऱ्यांनाही होतो. तिथे पाण्यातलं क्लोरीन घाम आणि लघवीतल्या घटकांशी मिसळून अस्तराला झोंबणारे वायू तयार करतं. वरच्या पातळीवरच्या खेळाडूंमध्ये दमा इतका आढळतो, त्याचं हे एक कारण आहे: वर्षानुवर्षांच्या कसून सरावाने श्वासनलिकांचं अस्तरच जखमी होत राहतं.

३. एकाच औषधाचे दोन उलटे परिणाम

झटकन आराम देणाऱ्या पंपात बहुधा साल्ब्युटामॉल असतं. आपल्याकडे अनेक घरांत ‘अस्थालिन’ या नावाने ते ओळखीचं आहे. ब्रिटनमध्ये डेव्हिड जॅक यांच्या गटाने १९६० च्या दशकात ते शोधलं आणि १९६९ मध्ये ते बाजारात आलं. त्याआधीची औषधं श्वासनलिका उघडायची, पण हृदयालाही तितक्याच जोराने धडधडायला लावायची. साल्ब्युटामॉलचं वैशिष्ट्य असं की ते मुख्यत्वे एकाच प्रकारच्या रिसेप्टरला चिकटतं.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन. ठरावीक रसायन त्याला चिकटलं की पेशीच्या आत संदेश जातो. साल्ब्युटामॉल ज्याला चिकटतं त्याचं नाव बीटा-२. आपल्याच शरीरातलं ॲड्रेनलीनही याच रिसेप्टरला चिकटतं. साल्ब्युटामॉल ॲड्रेनलीनचं थोडंसं काम उसनं घेतं, असं म्हणायला हरकत नाही.

बीटा-२ रिसेप्टर फक्त फुप्फुसात नसतात. मांडी, पोटरी आणि दंडाच्या स्नायूंवरही ते भरपूर असतात. संदेश दोन्हीकडे सारखाच पोचतो, पण परिणाम उलटे होतात. श्वासनलिकेच्या कड्यांमधला स्नायू सैल पडतो. हाडांना जोडलेल्या स्नायूत मात्र पेशीच्या आत साठवलेलं कॅल्शियम जास्त सुटतं, आणि कॅल्शियम जास्त म्हणजे आकुंचन जास्त जोरात. त्याच वेळी साठवलेली साखर लवकर मोकळी होते, आणि रक्तातलं पोटॅशियम स्नायूंच्या आत ओढलं जातं.

नेब्युलायझर घेतलेल्या मुलाच्या हातात पाण्याचा पेला देऊन पाहा. पाण्यावर बारीक तरंग उठतात, बोटं थरथरत असतात. श्वास मोकळा झालेला असतो, पण हात स्थिर राहत नाही. औषध फुप्फुसापुरतं न थांबता रक्तावाटे स्नायूंपर्यंत पोचल्याची ती डोळ्यांना दिसणारी खूण असते. पालक घाबरतात, पण ही थरथर काही वेळात ओसरते.

औषध स्नायूंपर्यंत पोचतं, एवढं तर खरं. प्रश्न उरतो तो किती पोचतं याचा.

४. दमा नसलेल्याने पंप घेतला तर

धावताना धाप लागते तेव्हा वाटतं, हवा कमी पडते आहे. मग श्वासनलिका रुंद केल्या तर जास्त हवा आत जाईल आणि जास्त पळता येईल, हा तर्क सहज सुचतो. पण निरोगी माणसात अडचण हवेची नसतेच.

लग्नाच्या पंगतीचं उदाहरण घ्या. स्वयंपाकघरात भाताची पातेली भरलेली आहेत, दार मोठं आहे. पण वाढपी चारच असले तर पंगतीचा वेग त्या चौघांच्या पायांवर ठरणार. दार आणखी रुंद केल्याने पानात भात लवकर पडत नाही. निरोगी माणसाच्या फुप्फुसात प्राणवायू पुरेसा असतो. तो स्नायूंपर्यंत नेऊन पोचवणारं हृदय आणि रक्त हे त्याचे वाढपी. सहनशक्तीची मर्यादा प्रामुख्याने तिथे पडते.

दम्याच्या रोग्याचं दारच अर्धं बंद झालेलं असतं. पंप ते उघडतो. म्हणून त्याला फरक पडतो आणि शेजारच्या निरोगी मुलाला तसा पडत नाही. दमा नसलेल्या लोकांवर झालेल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा लांब पल्ल्याच्या, सहनशक्तीच्या कामगिरीत या औषधांनी सुधारणा दिसली नाही.

मग मैदानाच्या कडेच्या त्या वडिलांना काय सांगायचं? १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना व्यायामाने श्वासनलिका आवळण्याचा त्रास होता, आणि त्यांनी मिळून ४१ पदकं जिंकली. हा आकडा ऐकून कुणालाही वाटेल की पंपानेच पदकं दिली. पण निरोगी माणसांवरच्या चाचण्या शेजारी ठेवल्या की ते अनुमान टिकत नाही. जास्त पटण्याजोगं कारण वर आलंच आहे: जे सर्वांत जास्त सराव करतात, तेच सर्वांत जास्त कोरडी, थंड किंवा क्लोरीनमिश्रित हवा ओढतात. जॅकी जॉयनर-कर्सी यांनी १९८८ मध्ये सोल इथे हेप्टॅथलॉनमध्ये ७,२९१ गुण मिळवले. पॉला रॅडक्लिफ यांनी २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत पूर्ण केली. दोघींनाही दमा. दम्यावर नीट उपचार झाले तर शरीर कुठवर जाऊ शकतं, हे या दोघींकडे पाहून मुलांना सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

५. पफ, गोळी आणि नेब्युलायझर यांचा हिशेब

आता मात्रेकडे येऊ. इथे थोडी आकडेमोड आहे, पण सगळ्या वादाची गुरुकिल्ली तीच आहे.

साल्ब्युटामॉलच्या नेहमीच्या पंपातून एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध सुटतं. खेळण्याआधी दोन पफ घेतले की झाले २००. यातलंही फुप्फुसात पोचतं ते साधारण दहा ते वीस टक्केच. बाकीचं घशावर आदळतं आणि गिळलं जातं. पंप दाबण्याची आणि श्वास ओढण्याची वेळ चुकली तर आणखी कमी पोचतं. म्हणून लहान मुलांना मध्ये स्पेसरची नळी लावायला सांगतात.

साल्ब्युटामॉलची एक गोळी २ मिलिग्रॅमची असेल, तर ती वीस पफांइतकी झाली. नेब्युलायझरमध्ये रिकामी करतात त्या छोट्या प्लास्टिकच्या कुपीत २.५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे पंचवीस पफांइतकं. गोळीतलं औषध तर फुप्फुसात थेट न जाता पोटातून रक्तात आणि तिथून सगळ्या अंगभर जातं.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘वाडा’, हिने रेषा इथेच आखली आहे. श्वासावाटे घेतलेलं साल्ब्युटामॉल चोवीस तासांत १,६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, आणि कोणत्याही आठ तासांत ६०० च्या वर नको. म्हणजे दिवसाला सोळा पफ, आठ तासांत सहा. साधा दमा असलेल्या खेळाडूला एवढे लागतच नाहीत. गोळी, सिरप आणि इंजेक्शन मात्र पूर्व परवानगीशिवाय बंद. लघवीत एका मिलिलिटरमागे १,००० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त साल्ब्युटामॉल सापडलं, तर ते पंपातून आलेलं नाही असं गृहीत धरून खेळाडूकडे खुलासा मागितला जातो.

ही रेषा व्यवहारात किती अवघड ठरते ते सायकल शर्यतींत दिसलं. इटलीचा आलेस्सांद्रो पेटाक्की २००७ च्या जिरो शर्यतीत १,३२० नॅनोग्रॅमवर सापडला. क्रीडा लवादाने त्याने फसवायचा प्रयत्न केला नाही हे मान्य केलं, तरीही बंदी घातली आणि त्या शर्यतीतले त्याचे विजय गेले. ब्रिटनचा ख्रिस फ्रूम २०१७ च्या व्हुएल्टामध्ये २,००० वर आला. पण दिवसभर घाम गाळून सायकल चालवलेल्या माणसाची लघवी दाट असते आणि दाट लघवीत प्रत्येक गोष्टीचं प्रमाण फुगलेलं दिसतं. तो विचार करून आकडा काढल्यावर तो सुमारे १,४०० भरला, आणि जुलै २०१८ मध्ये नियमभंग झाला नाही असं ठरवून प्रकरण मिटवलं गेलं.

नॉर्वेचा स्कीपटू मार्टिन यॉन्सरुड सुंडबी याचं प्रकरण आपल्या हिशेबाशी थेट जुळतं. त्याने संघाच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने साल्ब्युटामॉल नेब्युलायझरने घेतलं होतं. यंत्रात ओतलेल्या औषधापैकी बरंच वाया जातं, मग फुप्फुसात गेलं तेवढंच मोजा, असं त्याच्या बाजूचं म्हणणं होतं. लवादाने ते मानलं नाही. २०१६ मध्ये त्याला दोन महिन्यांची बंदी झाली आणि २०१४-१५ च्या मोसमाचं विश्वचषकाचं एकूण विजेतेपदही गेलं. जे पंपाला चालतं ते नेब्युलायझरला आपोआप चालत नाही, हे खेळाडूंच्या पालकांनी लक्षात ठेवायला हवं.

६. मग स्नायू खरंच वाढतात का

वाढू शकतात. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण मोठा भाऊ ते वाचून आलेलाच आहे.

डेन्मार्कमधल्या कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर चिकाटीने काम केलं आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांनी निरोगी तरुणांना टर्ब्युटालिन हे याच जातीचं औषध श्वासावाटे चार आठवडे दिलं. रोज ४ मिलिग्रॅम, म्हणजे एका पफमध्ये अर्धा मिलिग्रॅम धरला तर आठ पफ. चरबी सोडून उरलेलं शरीराचं वजन सुमारे एक किलोने वाढलं, नेहमीचं आयुष्य जगणाऱ्यांचं आणि वजनं उचलणाऱ्यांचंही. सहनशक्तीचा सराव करणाऱ्यांचं मात्र तसं वाढलं नाही.

शक्तीच्या आणि अल्प काळच्या स्फोटक कामांत, म्हणजे छोटी धाव, जोराचं पेडल, मोठं वजन यांत, या औषधांनी सुमारे पाच टक्के सुधारणा होते, असं २०२० मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात दिसलं. यात गोळ्या आणि मोठ्या मात्रांच्या चाचण्याही धरलेल्या आहेत. खेळण्याआधीच्या दोन पफांना हा आकडा लावता येत नाही.

याला दुसरी बाजूही आहे. औषध आठवडेच्या आठवडे रोज घेत राहिलं तर स्नायू जाड होतात, पण प्राणवायू वापरून दमाने काम करत राहायची त्यांची क्षमता घटू शकते. सहनशक्तीच्या खेळातल्या कसलेल्या खेळाडूंना फॉर्मोटेरॉल हे जास्त वेळ टिकणारं औषध रोज दिल्यावर असंच आढळलं. मॅरेथॉन धावणाऱ्याच्या दृष्टीने हा घाट्याचा सौदा आहे.

व्यायामशाळांत ‘क्लेन’ या नावाने फिरणारी गोळी याच कुटुंबातली आहे: क्लेनब्युटेरॉल. ती शरीरातून बाहेर पडायला फार वेळ घेते, त्यामुळे रोजच्या गोळ्यांची मात्रा साचत जाते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तातलं पोटॅशियम उतरतं, आणि या दोन गोष्टी एकत्र आल्या की हृदयाची लय बिघडू शकते. खेळात ती कोणत्याही वेळी, कोणत्याही मात्रेत बंद आहे. २०१० च्या टूर द फ्रान्समध्ये अल्बेर्तो कोंतादोर याच्या लघवीत ती अगदी नगण्य प्रमाणात सापडली. दूषित मांसातून आली, असं त्याने सांगितलं. तरीही ते विजेतेपद त्याच्या नावावरून निघालं. वीस-बावीस वर्षांची मुलं पोट सपाट दिसावं म्हणून ही गोळी मागतात, याची मला खरोखर काळजी वाटते.

७. पंपातलं स्टेरॉइड

वडिलांचा प्रश्न राहिला. रोज घ्यायच्या पंपात बुडेसोनाइडसारखं स्टेरॉइड असतं, हे खरं आहे. पण हे कॉर्टिकोस्टेरॉइड. शरीरसौष्ठवाच्या संदर्भात ज्यांची बदनामी झाली ती पुरुषी संप्रेरकांसारखी स्टेरॉइड्स, दुसऱ्याच कामाची. कॉर्टिकोस्टेरॉइड श्वासनलिकांची सूज उतरवतं. स्नायू तर त्याने वाढत नाहीतच. उलट त्याच्या गोळ्या मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतल्या तर मांड्यांचे स्नायू दुबळे होतात, जिना चढणं जड जातं. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, त्यामुळे ही भीती तिथे लागू पडत नाही. नेमून दिलेल्या मात्रेत श्वासावाटे घेतलेल्या कॉर्टिकोस्टेरॉइडला ‘वाडा’चीही मनाई नाही. गोळ्या आणि इंजेक्शनं मात्र स्पर्धेच्या काळात बंद आहेत. पंप घेतल्यावर चूळ भरून टाकायची, म्हणजे तोंडात बुरशी येत नाही.

८. एका सोळा वर्षांच्या मुलाचं सुवर्णपदक आणि खोकल्याची बाटली

१९७२, म्युनिक. कॅलिफोर्नियाचा सोळा वर्षांचा रिक डिमाँट ४०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये एक शतांश सेकंदाने पहिला आला. त्याला लहानपणापासून दमा होता आणि त्यासाठी तो मॅरॅक्स नावाची गोळी घ्यायचा. ही माहिती त्याने स्पर्धेआधीच्या अर्जात लिहून दिली होती. पण गोळीत एफेड्रिन होतं, आणि एफेड्रिनवर बंदी होती. तपासणीत ते सापडलं, सुवर्णपदक काढून घेतलं गेलं, आणि ज्या १,५०० मीटरमध्ये जागतिक विक्रम त्याच्या नावावर होता त्या शर्यतीत त्याला उतरूच दिलं नाही. त्याने आपली औषधं नीट कळवली होती, हे अमेरिकन ऑलिंपिक समितीने मान्य केलं ते २००१ मध्ये. पदक परत मिळालं नाही.

आपल्याकडचं उदाहरण याहून जवळचं आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान विरारचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याचा लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात टर्ब्युटालिन सापडलं, तेच, ज्याने कोपनहेगनच्या तरुणांचं वजन वाढलं होतं. पृथ्वीने खोकल्याचं सिरप घेतलं होतं. औषध अजाणता पोटात गेलं, हा त्याचा खुलासा क्रिकेट मंडळाने मान्य केला, पण आठ महिन्यांची बंदी टळली नाही. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

आपल्या औषधांच्या दुकानांत कफ सुटण्यासाठी मिळणाऱ्या अनेक सिरपांत टर्ब्युटालिन असतं, ब्रोमहेक्सिन आणि ग्वायफेनेसिनच्या जोडीने. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत ते छापलेलंही असतं. जिल्हा, राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलाच्या घरी सर्दी-खोकल्याची बाटली आणताना ‘मुलगा स्पर्धा खेळतो, टर्ब्युटालिन नसलेलं द्या’ एवढं डॉक्टरांना सांगावं. दम्यासाठी टर्ब्युटालिनच लागत असेल तर उपचारासाठीची सूट अर्ज करून मिळते, पण ती आधी मागायची असते.

९. सवय लागते का

आईचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्यात सर्वांत जास्त अर्थ आहे. ज्याला व्यसन म्हणतात तसं पंपाने होत नाही. पण फक्त साल्ब्युटामॉलचाच पंप रोज, पुन्हा पुन्हा घेतला तर बीटा-२ रिसेप्टर त्याला कमी दाद देऊ लागतात. शिवाय आतली सूज तशीच राहते. श्वास तात्पुरता मोकळा वाटतो आणि आजार मुकाट वाढत जातो. म्हणूनच २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत प्रौढ आणि किशोरवयीन मुलांना केवळ साल्ब्युटामॉलवर ठेवू नका, सोबत सूज उतरवणारं औषध हवंच, असं सांगितलं आहे.

खेळणाऱ्या मुलासाठी आणखी एक बिनऔषधी उपाय आहे. सामन्याआधी पंधरा-वीस मिनिटं, मध्ये मध्ये जोराच्या छोट्या धावा घेत, नीट अंग गरम केलं तर अनेकांच्या श्वासनलिका पुढचे एक-दोन तास तितक्या आवळत नाहीत. पंप घ्यायचा असेल तर तो खेळाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी: टोपी काढायची, पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबता दाबता सावकाश आत ओढायचा आणि दहा मोजेपर्यंत रोखून धरायचा.

आणि पंप कधी संपतो यावर लक्ष ठेवायचं. एका पंपात २०० पफ असतात. वर्षाला तीन किंवा त्याहून जास्त पंप लागत असतील, तर दमा ताब्यात नाही आणि मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला आहे. महिन्याला एक पंप लागत असेल, तर धोका जिवाचा आहे. अशा मुलाचं धावणं बंद करू नये, पण त्याचा रोजचा उपचार बदलण्यासाठी त्याला त्याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे न्यावं.